एकास एक

तबला शिकावयास बसलेल्या मुलाला पहिले काही दिवस तबल्याला हात लावू न देता नुसते बोल तोंडाने म्हणावयास लावण्याची रीत आहे. त्या मुलाची नजर सारा वेळ समोरच्या जोडीवर खिळलेली असते आणि बोटे शिवशिवत असतात. १९८३ साली मुंबईतील एका कलाशाळेत मी छायाचित्रण शिकावयास गेले, तेव्हा आमची स्थिती काहीशी अशीच झाली. पहिला दीड महिना कॅमेऱ्याला स्पर्श करावयाचा नाही, असा आमच्या शिक्षकांचा दंडक होता. वर्गातील निम्म्या विद्यार्थ्यांनी तरी घरी हट्ट करून किंवा उसनवारी करून कॅमेरे मिळविले होते. माझ्यासाठी वडिलांनी कचेरीच्या पतपेढीतून कर्ज काढून एक जुना कॅमेरा घेतला होता. त्याचा हप्ता दर महिन्याला त्यांच्या पगारातून कापला जाई, आणि कॅमेरा मात्र आईच्या कपाटात, ठेवणीतल्या लुगड्यांच्या शेजारी, डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून असे. "हप्ते फिटेपर्यंत तरी तो बाहेर निघेल ना?" असे वडिलांनी एकदा विचारले. त्या विचारण्यात राग नव्हता, हिशेब होता.

तो दीड महिना आम्ही फोटोग्राम काढीत होतो. हा शब्द ज्यांच्या कानांवरून गेला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. छायाचित्राचा कोरा कागद अंधारखोलीत टेबलावर ठेवावयाचा, त्यावर एखादी वस्तू मांडावयाची, आणि वरचा दिवा काही सेकंद लावून मालवावयाचा. वस्तू उचलून घेतली की कागद होता तसाच कोरा दिसतो. परंतु तो रसायनात बुडविला म्हणजे जिथे उजेड पडला तो भाग काळा होतो, जिथे वस्तूने उजेड अडविला तो पांढरा राहतो, आणि अर्धपारदर्शक वस्तूतून जेवढा उजेड झिरपला असेल त्या मानाने करड्या रंगाच्या छटा उमटतात. एवढीच ती कृती. यात कॅमेरा नाही, फिल्म नाही. आणि ज्याच्यावरून पुन्हा प्रती काढता येतील अशी निगेटिव्हही नाही. वस्तू आणि कागद यांच्यामध्ये कोणीही नाही.

आमची अंधारखोली म्हणजे जिन्याखालची एक लांबट कोठडी होती. दाराला आतून काळ्या कापडाचा दुहेरी पडदा लावलेला असे. भिंतीलगत एक दगडी ओटा, त्यावर ओळीने तीन ट्रे: पहिल्यात डेव्हलपर, दुसऱ्यात व्हिनेगरच्या वासाचे पातळ आम्ल, तिसऱ्यात हायपो. वर एक तांबडा दिवा. डेव्हलपर वीस अंशांवर ठेवावा असे पुस्तकात लिहिलेले असते. परंतु ते पुस्तक थंड देशातले. मुंबईच्या नळाचे पाणीच उन्हाळ्यात अठ्ठावीस-तीस अंशांचे असावयाचे. म्हणून कोपऱ्यावरच्या उसाच्या गुऱ्हाळातून बर्फाचा तुकडा आणून, तो गोणपाटात फोडून, मोठ्या परातीत पसरावयाचा आणि त्या परातीत ट्रे ठेवावयाचा, हे काम आम्ही पाळीपाळीने करीत असू. घरी गेल्यावर माझ्या हातांना हायपोचा जो वास येई त्यामुळे आई मला दोनदा साबण लावल्याशिवाय कणकेला हात लावू देत नसे. कागद बहुधा 'इंदू' छापाचा असे. उटीच्या सरकारी कारखान्यात तो तयार होत असे. तो आम्हांला पाकिटाने परवडत नसे. चौघी-चौघांत एक पाकीट घेऊन त्याचे चार तुकडे करावयाचे, आणि त्या तुकड्यांच्याही पट्ट्या कापून आधी चाचणी घ्यावयाची.

आणि तरीही, त्या पहिल्या ट्रेत बुडविलेल्या कोऱ्या कागदावर पंधरा-वीस सेकंदांनी काळोख जमू लागतो आणि त्यातून एक पांढरी आकृती वेगळी होते, तो क्षण कधी जुना झाला नाही. लोक म्हणतात की चित्र 'उगवते'. मला तसे कधी वाटले नाही. आकृती उगवत नाही. ती आहे तिथेच थांबते आणि तिच्या भोवतालचे सारे जग काळे होत जाते. पुरात एखादे उंचवट्यावरचे देऊळ कोरडे राहावे, तशी.

वस्तू कोणत्या आणाव्यात याला बंधन नव्हते. पहिल्या दिवशी बहुतेकांनी पिंपळाचे जाळीदार पान आणले. पिंपळपान कितीही सुंदर असले, तरी एकाच भिंतीवर सुकत घातलेली अकरा पिंपळपाने पाहिल्यावर मनुष्याला वैराग्य येते. मी काचेच्या बांगड्या नेल्या होत्या. हिरव्या, लाल, निळ्या, अशा चार-चार बांगड्या एकमेकींत गुंतवून मी कागदावर ठेवल्या. कागद धुवून पाहते तो लाल बांगड्या लोखंडाच्या असाव्यात तशा पांढऱ्याफेक उमटलेल्या. हिरव्या फिकट करड्या. आणि निळ्या जवळजवळ बिनरंगी काचेसारख्या, नुसत्या कडेच्या रेघांनी ओळखाव्यात अशा. मी चक्रावून गेले. शिक्षकांनी काही न बोलता वरच्या तांबड्या दिव्याकडे बोट केले, तेव्हा उलगडा झाला. हा कागद निळा उजेड तेवढा ओळखतो. तांबडा उजेड त्याच्या दृष्टीने काळोखच. म्हणून तर त्या तांबड्या दिव्याखाली आम्ही निर्धास्त वावरत होतो. लाल काचेतून आलेला उजेड त्याला दिसलाच नाही, आणि निळ्या काचेने त्याला हवे ते सारे आत सोडले. आपल्या डोळ्यांना जे भरजरी दिसते त्याबद्दल कागदाचे मत अगदी निराळे असू शकते, हे एका दुपारी बारा बांगड्यांनी मला शिकविले. पुढे अनेक जाड पुस्तके वाचली. पण इतक्या थोडक्यात इतके कोणी शिकविले नाही.

दुसरी गोष्ट ध्यानात यावयास थोडे दिवस लागले. कागदाला जो भाग टेकलेला असतो त्याची कड सुरीने कापल्यासारखी येते. आणि वस्तू जितकी कागदापासून उंच, तितकी तिची कड विरघळत जाते. क्रोशाचा रुमाल सपाट पसरला तर त्याचा एकन् एक टाका मोजता येतो. तोच रुमाल चुरगळून ठेवला तर टेकलेले टाके तेवढे स्पष्ट आणि बाकीचा धूसर ढग. म्हणजे फोटोग्राममध्ये स्पष्टपणा हा नजरेचा गुण नाही, स्पर्शाचा आहे. कॅमेऱ्याने काढलेल्या चित्रात काय स्पष्ट दिसावे हे चित्र काढणारा ठरवितो. इथे ते वस्तूच्या बसण्यावर अवलंबून असते.

या कलेचा इतिहास छायाचित्रणाहून जुना आहे, किंबहुना छायाचित्रण तिच्याच पोटी जन्मले. इंग्लंडात थॉमस वेजवुड याने चांदीच्या क्षारात भिजविलेल्या कागदावर व चामड्यावर पाने आणि किड्यांचे पंख ठेवून त्यांच्या आकृती उमटविल्या. त्याचे वृत्त हंफ्री डेव्ही याने १८०२ साली प्रसिद्ध केले. परंतु उमटलेली आकृती टिकवावयाची कशी, हे दोघांनाही साधले नाही. उजेडात धरली की तीही काळी पडे. म्हणून ती अंधारात जपून ठेवावयाची आणि पाहावयाचीच झाली तर मेणबत्तीच्या मंद प्रकाशात क्षणभर पाहावयाची. पाहण्यानेच जे नष्ट होते असे चित्र! वेजवुड १८०५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारला. आमच्या ओट्यावरचा तिसरा ट्रे त्याला मिळाला असता तर? हायपोचा चांदीचे क्षार विरघळविण्याचा गुण जॉन हर्शेल याने हेरला तो १८१९ साली, आणि चित्र कायम करण्याकडे त्याचा उपयोग झाला तो १८३९ साली. ज्या वासाला माझी आई नाक मुरडी, त्याच्या अभावी एका मनुष्याचे सारे काम काळोखात गेले.

विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट याने १८३४ च्या सुमारास लॅकॉक येथील आपल्या घरी याच वाटेने पाने आणि लेस यांची चित्रे काढावयास आरंभ केला. त्याने ती मिठाच्या पाण्याने बरीचशी टिकविली. पुढे एक कागद दुसऱ्यावर ठेवून पांढऱ्याचे काळे आणि काळ्याचे पांढरे करण्याची युक्ती त्याला सुचली, आणि एका चित्राच्या हव्या तितक्या प्रती निघण्याचा मार्ग मोकळा झाला. जगाने टॅलबटचे उपकार मानले ते यासाठी. ते योग्यच आहे. माझे मन मात्र त्याच्याहून एका बाईपाशी अधिक रमते.

ॲना ॲटकिन्स ही इंग्लंडातील केंट परगण्यात राहणारी, वनस्पतींचा नाद असलेली बाई. समुद्रशेवाळाचे बारीक तंतू हाताने हुबेहूब रेखाटणे फार अवघड जाते, म्हणून तिने हर्शेलने १८४२ साली शोधलेली लोहक्षारांची रीत उचलली. या रीतीत कागद उन्हात धरावयाचा आणि साध्या पाण्याने धुवावयाचा. काळ्याऐवजी गर्द निळा रंग येतो. वाळविलेले शेवाळ कागदावर ठेवून तिने १८४३ पासून १८५३ पर्यंत, म्हणजे दहा वर्षे, ब्रिटनच्या शेवाळांचा ग्रंथ भागाभागाने तयार केला. त्यातील अक्षरेही याच पद्धतीने उमटविलेली. त्या ग्रंथाच्या जितक्या प्रती तिने स्नेह्यांना दिल्या, तितक्यांदा प्रत्येक पान नव्याने उन्हात ठेवावे लागले. त्यामुळे कोणतीही दोन पाने तंतोतंत सारखी नाहीत. आपले नाव तिने कोठे मिरविले नाही, नुसती 'ए. ए.' ही अक्षरे घातली. आणि पुढे एका विद्वानाने त्यांचा अर्थ 'अनामिक हौशी' असा लावला! छायाचित्रांनी सजलेला पहिला ग्रंथ म्हणून ज्याची गणना होते, त्याच्या कर्त्रीची ही कथा.

तिच्यानंतर पुष्कळ वर्षांनी कलावंतांना या कृतीचा नव्याने शोध लागला. क्रिश्चन शाड याने १९१९ च्या सुमारास जिनीव्हात कागदाच्या चिंध्या आणि कचरा यांची अशी चित्रे केली, त्यांना पुढे 'शाडोग्राफ' नाव पडले. पॅरिसमध्ये मॅन रे याने १९२२ साली आपल्या चित्रांना स्वतःच 'रेयोग्राफ' म्हटले. आमच्या वर्गातील मुले मॅन रेवर फिदा होती, आणि त्याची चित्रे विलक्षण आहेत हे मीही नाकारीत नाही. परंतु त्यांत वस्तूपेक्षा कलावंताचे चातुर्य पुढे येऊन उभे राहते. घरच्या कार्यात यजमानानेच सारखे फिरत राहावे आणि पाहुण्यांना बोलू देऊ नये, तसे काहीसे. लास्लो मोहोय-नॉज याने मात्र या कृतीचे मर्म शिक्षकाच्या दृष्टीने ओळखले. फोटोग्राम हे नाव त्यानेच रूढ केले, आणि शिकागो येथे १९३७ साली त्याने जी शाळा काढली तिच्यात प्रकाशाच्या अभ्यासाचा आरंभ फोटोग्रामपासून होई. आमच्या दीड महिन्याच्या उपवासाचे मूळ हे असे पुष्कळ दूरचे होते.

हे सारे मी मोठ्या उत्साहाने घरी सांगितले तेव्हा वडील हसले. ते एका अभियंत्याच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होते. "अग, हे आम्ही रोज करतो," ते म्हणाले. "ट्रेसिंग ठेवायचं, खाली कागद, वर उजेड. तुझ्या त्या बाईची निळी रीत म्हणजेच आमची ब्ल्यू प्रिंट. मी उमेदवारीला लागलो तेव्हा गच्चीवर उन्हात चौकटी लावून काढायचो. आता अमोनियाची मशीन आहे, एवढंच." हे अक्षरशः खरे होते. हर्शेलची रीत पुढे नकाशांच्या प्रती काढण्याकरिता जगभर वापरली गेली. दादरच्या आमच्या दोन खोल्यांत बाप अमोनियाचा वास घेऊन येत होता आणि मुलगी हायपोचा, आणि दोघांचा धंदा एकच आहे हे आम्हांला त्या रात्री कळले. तरीही वडिलांच्या मनात एक शंका राहिलीच. प्रत काढण्याला मोल आहे ते मूळ आरेखनामुळे. ज्यात कोणी काही रेखाटलेलेच नाही, नुसती वस्तू ठेवली, त्यात विद्या कोणती? आणि ती शिकण्यासाठी कर्ज काढून घेतलेला कॅमेरा कपाटात ठेवणे कितपत शहाणपणाचे? या प्रश्नाला माझ्यापाशी त्या वेळी उत्तर नव्हते.

त्याच महिन्यात आजोबांचे वर्षश्राद्ध होते. आजोबा शेवटची सहा वर्षे आमच्याकडे होते. त्याआधी ते सांगलीस माझ्या मोठ्या काकांकडे राहत, आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया काकांनीच गावाजवळ भरलेल्या नेत्रशिबिरात करून घेतली होती. त्या काळी मोतीबिंदू काढला म्हणजे डोळ्यातले नैसर्गिक भिंगच निघून जाई आणि त्याची उणीव चष्म्याने भरून काढावी लागे. त्यामुळे आजोबांच्या चष्म्याची भिंगे दहा-अकरा नंबरांची, मध्ये चांगली फुगीर अशी होती. त्यांच्यामागे त्यांचे डोळे फार मोठे दिसत. लहान मुले भीत. त्यांना स्वतःलाही सारे जग सुमारे पावपट मोठे दिसे. चहाचा पेला उचलताना हात किंचित अलीकडेच थांबे. आणखी एक गोष्ट ते नेहमी सांगत: बाजूने येणारा मनुष्य त्यांना येताना दिसत नसे, तो एकदम समोर उपटे. "तुम्ही सगळे भिंतीतून निघता की काय?" असे ते विचारीत, आणि आम्ही हसत असू.

त्यांच्या मागे वाटून घ्यावे असे काही नव्हते. धोतरजोड्या देऊन टाकल्या, पोथ्या देवळात दिल्या. राहिला होता तो चष्मा. वर्षश्राद्धाला काका आले तेव्हा त्यांनी तो मागितला. "मी त्यांचा हात धरून शिबिरात नेलं होतं," एवढेच ते म्हणाले. वडील 'हो' म्हणाले. चष्मा त्यांच्या टेबलाच्या खणात, त्यांच्या पेन्सिलींच्या शेजारी, वर्षभर होता हे मला ठाऊक होते. तो द्यावयाचा म्हणून त्यांनी बाहेर काढून पुसला आणि टेबलावर ठेवला. काका दोन दिवस राहणार होते. मी वडिलांना विचारले, "एक दिवस मी नेऊ का?" मृताची वस्तू शाळेत कशाला, असे आई म्हणाली. वडिलांनी काही न बोलता तो आपल्या रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला.

आजोबा निजण्यापूर्वी चष्मा मिटून, काड्या खाली आणि भिंगे वर अशा बेताने उशाशी ठेवीत. भिंगांना चरा पडू नये म्हणून. मी तो कागदावर तसाच ठेवला. नेहमीइतका उजेड दिला तर सारी पार्श्वभूमी काळीकुट्ट होऊन भिंगांनी काय केले ते दिसणार नाही, हे चाचणीच्या पट्ट्यांवरून कळले. म्हणून कागद नुसता करडा होईल इतका थोडा वेळ, तीनच सेकंद, दिवा लावला.

डेव्हलपरमध्ये प्रथम दोन काळी वर्तुळे आली. तपकिरी चौकटीने, लाल बांगडीप्रमाणेच, उजेड पुरता अडविला होता, ती पांढरी. पार्श्वभूमी राखाडी. परंतु प्रत्येक चौकटीच्या आत, काठाला लागून, आणखी एक पांढरे कडे उमटले होते, आणि त्याच्या आत ते काळे वर्तुळ, बाहेरच्या राखाडीहून कितीतरी गडद. मी प्रथम ते कडे चौकटीचाच भाग समजले. मग लक्षात आले की तिथे काहीच नव्हते. भिंगाने आपल्या अंगावर पडलेला सारा उजेड गोळा करून मध्यभागी नेला होता, आणि काठाशी जी जागा राहिली तिच्यात उजेडाचा थेंबही पोचला नव्हता. आजोबांना बाजूने येणारा मनुष्य ज्या कड्यात हरवत असे तेच ते कडे. भिंगाची कड उजेडाला आत वळविते, म्हणून समोरचे आणि बाजूचे यांच्यामध्ये एक वर्तुळाकार पोकळी राहते. मनुष्य त्या पोकळीतून चालत येई तोवर दिसत नसे, आणि ती ओलांडली की एकदम समोर. आम्ही सहा वर्षे ज्या गोष्टीला हसलो ती माझ्यापुढे ट्रेत पांढरी होऊन पडली होती.

त्या काळ्या वर्तुळांवरून मिटलेल्या काड्यांच्या दोन रेघा गेल्या होत्या. त्या कागदाला टेकलेल्या, म्हणून अगदी धारदार. उजवी काडी एकदा मोडली होती, तिला आजोबांनी दोरा गुंडाळला होता. त्या दोऱ्याचे वेढे मोजता येत होते: चौदा. शेवटी गाठ मारून राहिलेले एक टोक केसासारखे बाहेर आलेले होते, तेही उमटले होते.

शिक्षकांनी चित्र पाहिले, पाण्यातून वर काढले, उलटे करून पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "हे घरी ने." वर्गाच्या भिंतीवर लावण्यास सांगितले नाही, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

घरी वडिलांनी ते दिव्याखाली धरले. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग त्यांनी कंपासपेटी उघडून डिव्हायडर काढला. खऱ्या चष्म्याच्या काडीची लांबी डिव्हायडरने घेतली आणि चित्रावर ठेवली. टोकाला टोक मिळाले. "एकास एक," ते म्हणाले. मग त्यांनी चौकटीची रुंदी घेतली. चष्मा एकशे बत्तीस मिलिमीटर भरला, चित्र एकशे छत्तीस. त्यांच्या कपाळाला आठी पडली. ड्राफ्ट्समनला चार मिलिमीटर म्हणजे काय ते ड्राफ्ट्समनलाच ठाऊक. मी सांगितले की काड्या कागदाला टेकल्या होत्या, चौकट त्यांच्यावर उचललेली होती. वरच्या दिव्यामुळे तिची सावली पसरली. त्यांनी मिटलेला चष्मा टेबलावर ठेवून चौकटीची उंची मोजली: अठरा मिलिमीटर. वर्तमानपत्राच्या कोऱ्या काठावर दोन समरूप त्रिकोण काढले, गुणाकार-भागाकार केला, आणि म्हणाले, "तुझा दिवा कागदापासून एकसष्ट सेंटिमीटरांवर असला पाहिजे." दुसऱ्या दिवशी मी फूटपट्टी लावून पाहिले; साठ भरले.

"टेकलं तेवढं खरं," ते चित्राकडे पाहत म्हणाले, "आणि उचललं तेवढं फुगलं." थोड्या वेळाने पुन्हा: "फोटोत माणूस केवढासा होतो. भिंतीवरचा त्यांचा फोटो बघ, अंगठ्याएवढं तोंड. हे मात्र त्यांच्या मापाचं आहे." हारामागच्या त्या फोटोकडे आम्ही दोघांनीही पाहिले. तो चौदा वर्षांपूर्वी एका लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला होता, आणि त्यात आजोबांना तो चष्माच नव्हता.

कॅमेरा कपाटातून कधी निघणार, हे त्यांनी त्यानंतर विचारले नाही.

काकांसाठी एक प्रत काढून दे, असे मात्र त्यांनी सांगितले. प्रत निघत नाही, चष्मा पुन्हा कागदावर ठेवावा लागेल, असे मी म्हटल्यावर काकांचे जाणे एका दिवसाने लांबले. दुसऱ्या वेळी चष्मा तितकाच जपून ठेवला, दिवा तोच, सेकंद तेवढेच. तरी काड्यांचा कोन किंचित बदलला आणि दोऱ्याचे ते सुटे टोक दुसऱ्या बाजूला वळले. वडिलांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. "ही नक्कल नाही," ते काकांना म्हणाले, "हेसुद्धा मूळच आहे, दादा." काका चष्मा आणि तो कागद घेऊन सांगलीस गेले.

चष्मा पुढे घर बदलताना हरवला, असे काकांच्या मुलांकडून कळले. आमच्याकडचा कागद अजून आहे. त्याचा पांढरा भाग आता मलईच्या रंगावर गेला आहे, काळा भाग तसाच आहे. दरम्यान छायाचित्रणातून कागद आणि हायपो बहुतेक निघून गेले. ज्यांच्या जिन्याखाली अंधारखोल्या होत्या अशा कित्येक शाळांनी त्या मोडून तिथे संगणक मांडले. मला त्याची फारशी खंत वाटत नाही. ॲना ॲटकिन्सची निळी रीत कोणाच्याही गच्चीवर चालते, आणि तिला अंधारखोली लागत नाही.

१९९९ साली वडिलांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. तोवर काळ बदलला होता. हॅरॉल्ड रिडली या डॉक्टराने १९४९ साली लंडनमध्ये प्रथम जे केले, म्हणजे काढलेल्या भिंगाच्या जागी प्लॅस्टिकचे इवलेसे भिंग डोळ्यातच बसविणे, ते आता मुंबईत घरोघरच्या वृद्धांचे होत होते. वडिलांना जाड चष्मा लागला नाही. त्यांना जग होते तेवढेच दिसू लागले आणि बाजूने येणारी माणसे येताना दिसू लागली. पट्टी सुटल्यावर तिसऱ्या दिवशी ते खुर्चीत बसून होते. आजोबांचा तो कागद समोरच्या भिंतीवर होता. त्याच्याकडे पाहून ते मला म्हणाले, "माझं भिंग आत गेलं. आता माझं काय ठेवशील तू कागदावर?"

मी म्हटले, "तुमचा डिव्हायडर."

ते हसले. मग खरोखरच विचारात पडले. "ठेव," ते म्हणाले, "पण उघडा ठेव. आणि दोन्ही टोकं टेकतील असा."